तेव्हाचे खेळाडूही पगार मागत होते

महोदय,

रविवारच्या क्रीडा पुरवणीत फुटबॉलपटूंना मिळणाऱ्या रकमांवरचा लेख वाचला. आकडे डोळे फिरवणारे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शेवटी लेखक म्हणतात की, शंभर वर्षांपूर्वीचे खेळाडू निव्वळ खेळावरच्या प्रेमापोटी मैदानात उतरत, पैशाचा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे. हे काही पटले नाही. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, संघटनेच्या वर्गणीची पावती पुस्तके घेऊन फिरलो आणि त्याआधी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून शाहू स्टेडियमवर सेंटर हाफ, म्हणजे हाफच्या मधल्या फळीत मध्यभागी, खेळलो. म्हणून मँचेस्टर युनायटेडच्या चार्ली रॉबर्ट्सबद्दल मला अंमळ जास्तच आपुलकी आहे. तोही सेंटर हाफ, आणि संघटनेचा पक्का माणूस.

रॉबर्ट्सचा जन्म १८८३ चा, गाव डार्लिंग्टन. युनायटेडने त्याला १९०४ मध्ये ग्रिम्सबी क्लबकडून घेतले आणि पुढे कर्णधार केले. त्याच्या हाताखाली संघाने १९०८ ला पहिल्यांदा लीग, म्हणजे इंग्लंडची साखळी स्पर्धा, जिंकली, १९०९ ला ब्रिस्टल सिटीला १-० ने हरवून एफ.ए. कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, १९११ ला पुन्हा लीग. स्वभाव तिरसट. शॉर्ट्सने गुडघे झाकलेच पाहिजेत असे तिथला फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढले, तर हा पठ्ठ्या मुद्दाम आखूड शॉर्ट्स घालून खेळायचा.

आता पैशाचे. १९०१ पासून तिकडे नियम होता की कुठल्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही. मैदानाचे गेट कितीही भरो, चार म्हणजे चारच. शिवाय क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जायची सोय नाही. १९०७ च्या एप्रिलमध्ये युनायटेडचा टॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात चेंडूला हेड मारल्यावर कोसळला आणि गेला. चौकशीत निष्कर्ष निघाला, नैसर्गिक मृत्यू. घरच्यांच्या हाती भरपाई म्हणून काही पडले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंच्या संघटनेची सभा भरली. अध्यक्षस्थानी रॉबर्ट्सचा सहकारी बिली मेरेडिथ होता, आणि उभारणीत रॉबर्ट्स पहिल्यापासून पुढे.

संघटनेने देशातल्या इतर कामगार संघटनांच्या महासंघात जायचे म्हटले आणि असोसिएशनचे पित्त खवळले. १ जुलै १९०९ च्या आत संघटना सोडा, नाहीतर खेळणे बंद, असा हुकूम निघाला. बहुतेक क्लबांच्या खेळाडूंनी मुकाट्याने सह्या केल्या. युनायटेडच्या खेळाडूंनी केल्या नाहीत. कप जिंकून अजून तीन महिनेही झाले नव्हते, आणि त्यांचा उन्हाळ्याचा पगार थांबला! रॉबर्ट्सने पुढे लिहिलेली एक आठवण आहे. पगार घ्यायला सगळे क्लबच्या ऑफिसात गेले, मिळणार नाही असे कळले. तेव्हा सँडी टर्नबुलने भिंतीवरचा आरसा उतरवला आणि काखेत मारून चालू लागला. बाकीच्यांनीही हाताला येईल ते उचलले. ऑफिसातले पोरगे रडकुंडीला आले, तेव्हा वस्तू परत आणून देण्याची हमी कर्णधाराने घेतली. संपाच्या दिवसांत हे दोन्ही प्रकारचे लोक लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

क्लबचे मैदान बंद झाल्यावर ही मंडळी फॅलोफिल्डला जाऊन सराव करू लागली. एव्हर्टनचा टिम कोलमन तेवढा बाहेरून येऊन त्यांना मिळाला. एकदा फोटोग्राफर आला, तर रॉबर्ट्सने एका फळीवर ‘आऊटकास्ट्स एफ.सी.’ असे लिहून ती पुढे धरली. वाळीत टाकलेल्यांचा संघ! त्याचे वैयक्तिक नुकसानही लहान नव्हते. त्याच्या मदतीसाठी एक सामना ठरलेला होता, त्यातून त्याला ५०० पौंड मिळण्याची हमी होती, ती रक्कम बुडाली असती. आठवड्याला चार पौंड मिळवणाऱ्याची ही दोन वर्षांहून जास्त कमाई.

ऑगस्टअखेर, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, असोसिएशन नरमली आणि संघटनेला मान्यता मिळाली. पण त्यानंतर महासंघात जायचे की नाही यावर मतदान झाले आणि खेळाडूंनीच ‘नाही’ म्हटले. रॉबर्ट्सला हे फार लागले. आपल्या हातातली एकच ताकद आपल्याच लोकांनी फेकून दिली, असे तो म्हणत राहिला. मला तो बरोबर वाटतो. चार पौंडांचा आकडा पुढे थोडाथोडा वाढला, पण कमाल पगाराची अट काढायला १९६१ साल उजाडावे लागले, तेही संपाची धमकी दिल्यावर.

आणि इंग्लंडची कॅप, म्हणजे राष्ट्रीय संघात स्थान? मँचेस्टर युनायटेडकडून इंग्लंडसाठी खेळलेला तो पहिला खेळाडू. सामने मात्र तीन, तिन्ही १९०५ चे. दोनदा लीग जिंकणाऱ्या कर्णधाराला त्यानंतर बोलावणे आलेच नाही. संघटनेचा राग काढला, असे तेव्हापासून बोलले जाते. संघ निवडणारी असोसिएशनच होती, तेव्हा मला तरी दुसरे कारण दिसत नाही.

१९१३ ला तो ओल्डहॅम क्लबकडे गेला आणि १९१५ ला त्या संघाची लीग एका गुणाने हुकली. महायुद्धानंतर तो संघटनेचा अध्यक्ष झाला. ओल्डहॅमचा मॅनेजरही झाला, पण बाहेर बसून नुसते बघत राहणे सोसेना म्हणून १९२२ च्या अखेरीस राजीनामा देऊन मोकळा झाला. नंतर तंबाखूचा धंदा. त्यातल्या एका ब्रँडला त्याने ‘डुक्रोबेल’ नाव दिले होते, डकवर्थ, रॉबर्ट्स आणि बेल, युनायटेडची हाफची फळी. १९३९ ला वारला.

लेखकाने प्रेमाचा मुद्दा जरूर मांडावा, पण चार पौंडांचा नियमही सोबत छापावा. आणि पुरवणीत जागा असेल तर फळीवाला तो फोटो द्या. त्यात हसत कोण बसले आहेत, ते वाचकांना बघू द्या.

आपला,
एक निवृत्त एस.टी. कामगार
मंगळवार पेठ, कोल्हापूर