ऑटोमॅटिकची शर्यत पहिल्या अठरा मीटरांत

संपादक महोदय,

ऑटोमॅटिक गाड्यांच्या वाढत्या खपाविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातले ‘शर्यतीसाठी मात्र मॅन्युअलच हवी’ हे वाक्य ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे थांबलेल्या स्थितीतून सरळ पट्टीवर थोडे अंतर धावण्याच्या शर्यतीच्या, बाबतीत खरे नाही. हा खेळ अमेरिकेत वाढला आणि वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना स्थापन केल्यावर त्याला नियम मिळाले. तिथल्या ब्रॅकेट रेसिंगमध्ये, म्हणजे आपली वेळ आधी जाहीर करून धावण्याच्या प्रकारात, आजही जनरल मोटर्सचा पॉवरग्लाइड हा जुना, दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुधारून वापरतात. त्याचे कारण सरळ आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर गाडी सुटण्याच्या क्षणी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे दुप्पट करून चाकांकडे पाठवतो, क्लच सोडताना होणारी चूक उरत नाही आणि गाडी प्रत्येक वेळी जवळजवळ सारखीच सुटते. नवशिक्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पुढे लिहिलेले सारे बंदिस्त धावपट्टीसाठी आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रात्रीच्या मोकळ्या बायपासवर कुत्रा, दुचाकी किंवा दिवे न लावता उभा असलेला ट्रक यांतले काहीही समोर येऊ शकते. आपल्या राज्यात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या हवाई पट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा होते. शिकायची जागा म्हणजे असे आयोजन. तिथे दोन्ही बाजूंना अडथळे, पुढे थांबायला जागा आणि जवळ रुग्णवाहिका असते. नाव नोंदवण्यापूर्वी विम्याची कागदपत्रे वाचावीत. आपल्याकडील नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे तिथे झालेले नुकसान आपल्या खिशातून भरावे लागते. वॉरंटीचेही बहुधा तसेच.

शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची असते. काही ठिकाणी तिच्या निम्मे अंतर धावतात. नवशिक्याचे सारे लक्ष शेवटच्या वेगाकडे असते, पण वेळ वाचते ती पहिल्या ६० फुटांत, म्हणजे साधारण १८ मीटरांत. तिथे दशांश सेकंद वाचवला की शेवटी त्याचे साधारण दीड ते दोन दशांश होतात. म्हणून एअर फिल्टर आणि एक्झॉस्टवर पैसे घालण्यापूर्वी सुटणे शिकावे.

आपल्या गाडीत कोणता ऑटोमॅटिक आहे, हे कळल्याशिवाय मात्र सुटण्याची पद्धत ठरत नाही. आपल्याकडे चार वेगळ्या यंत्रणांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात आणि एकीसाठी दिलेला सल्ला दुसरीला लावून गिअरबॉक्स जाळतात.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून उजव्या पायाने हलकी रेस देता येते. याला ब्रेक-टॉर्क म्हणतात. आरंभ १२०० आरपीएमपासून करावा, पुढच्या फेरीत १५००, मग १८००. ज्या आकड्याला पुढची चाके सुटताना क्षणभर चिरकतात आणि लगेच पकड घेतात, तो आपल्या गाडीचा आकडा. त्याच्या वर गेल्यास चाके जागेवरच फिरतात आणि वेळ वाढते. टर्बो गाडीला याचा दुहेरी फायदा होतो, कारण सुटण्यापूर्वीच थोडा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, तयार झालेला असतो. पण हे दोन सेकंदांहून अधिक धरू नये. चाके थांबलेली असताना इंजिनाची सारी शक्ती कन्व्हर्टरमधल्या तेलात उष्णता होऊन मुरते आणि तेलाचे तापमान पाहता पाहता चढते. जळलेल्या तेलाने आतल्या क्लच प्लेट घसरू लागतात. शेजारच्या पट्टीतला प्रतिस्पर्धी रेषेवर पूर्ण येईपर्यंत रेस देऊ नये, हा नियम त्यासाठीच पाळायचा. बऱ्याच नव्या गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबले की संगणक इंजिनाची ताकद कापतो. तिथे हट्ट न करता साध्या आयडलवरून, ब्रेक सोडता सोडता ॲक्सिलरेटर अर्ध्या सेकंदात पूर्ण दाबत सुटावे.

दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात त्या ड्युअल क्लचमध्ये दोन जाती आहेत. तेलात बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स उष्णता बऱ्यापैकी झेलतो आणि काही गाड्यांत कारखान्यातूनच लाँच कंट्रोल, म्हणजे जोरात सुटण्यासाठी आरपीएम सांभाळणारी यंत्रणा, असते. इंजिन पूर्ण गरम, गिअर ‘एस’मध्ये, स्टॅबिलिटी कंट्रोल स्पोर्टवर, डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजवा पूर्ण खाली, आरपीएम स्थिरावला की ब्रेक झटक्यात सोडायचा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. नेमका क्रम आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या लहान इंजिनांना जोडून येणारा सात गिअरचा डीएसजी (त्यांचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) मात्र कोरड्या क्लचचा आहे आणि २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवला आहे. त्यावर ब्रेक-टॉर्क करायचा नाही. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून, टॉर्क वाढवलेली गाडी याच गिअरबॉक्सवर वारंवार सोडली की क्लच आधी वास देतो, मग घसरतो, मग खर्च मोठा येतो.

एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मोटर चालवते. गिअर बदलताना प्रत्येक वेळी ओढ तुटते. त्यावर इलाज नाही. मजेसाठी धावावे, पण रेस धरून सुटू नये. ठरावीक गिअर नसलेल्या, पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या सीव्हीटीची गोष्ट वेगळी आहे. सुटताना तो संथ वाटतो, पण गिअर बदलत नसल्याने फेरीमागून फेरी जवळजवळ तीच वेळ देतो. ज्या स्पर्धेत आपण आधी जाहीर केलेल्या वेळेच्या जास्तीत जास्त जवळ, पण तिच्याहून वेगवान न होता धावायचे असते, तिथे हा गुण फार मोलाचा आहे.

यांपैकी कोणत्याही गाडीला लागू असलेली एक मनाई ठळकपणे सांगायला हवी. गाडी ‘एन’मध्ये ठेवून रेस वाढवायची आणि मग ‘डी’त टाकायची, ही युक्ती मोबाइलवरच्या चित्रफितींत सर्रास दिसते. फिरत्या इंजिनाचा सारा धक्का त्या क्षणी आतल्या क्लच पॅकवर, एकाच दिशेने फिरणाऱ्या स्प्रॅगवर आणि ड्राइव्ह शाफ्टवर बसतो. वेळेत काही वाचत नाही आणि गिअरबॉक्स उघडावा लागतो. कृपया हे करू नका.

डाव्या पायाने ब्रेक लावण्याची सवय घरून करून जावी. क्लचला सरावलेला डावा पाय ब्रेकवर आपटतो. रिकाम्या आवारात चालण्याच्या वेगाने अर्धा तास पुढे सरकत, इंच इंच थांबण्याचा सराव पुरतो.

स्पर्धेच्या सकाळी टाकीत पाव ते अर्धी टाकी पेट्रोल असावे. याहून कमी ठेवले तर जोरात सुटताना पेट्रोल मागे सरकून पंप कोरडा पडू शकतो. डिकीतली स्टेपनी, जॅक, हत्यारे, पाण्याच्या बाटल्या, देवाची टांगती मूर्तीसुद्धा काढून ठेवावी. साधारण ४५ किलो वजनामागे एक दशांश सेकंद, हा जुना ठोकताळा आहे. चालकाच्या पायाखालची चटई तर काढलीच पाहिजे, ती सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकते. चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळून घ्यावेत.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सुटताना वजन मागे जाते आणि नेमकी ओढणारी चाके हलकी होतात. त्यामुळे अशा गाडीला जास्त ताकदीपेक्षा जास्त पकड हवी. कंपनीने ३३ पीएसआय सांगितले असेल तर पुढे ३० आणि मागे ३६ पासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच पीएसआय बदलावा. हवा फार उतरवली की टायरची बाजू दुमडते आणि शेवटच्या टप्प्यात, १४०-१५० च्या वेगाला, गाडी डोलू लागते. ते धोक्याचे आहे. रेषेआधी टायर फिरवून तापवण्यासाठी पाणी टाकलेले असते, साध्या टायरने त्या डबक्यातून जाऊ नये, बाजूने वळसा घालावा. खाचांत भरलेले पाणी थेट रेषेवर येऊन सांडते आणि आपल्यामागून येणाऱ्यालाही घसरवते. टायर पुसण्यापुरते क्षणभर फिरवले तरी बस, धुराचे लोट काढण्याचा उपयोग स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या, टायरला. कोरड्या क्लचच्या गाडीत तेही नको.

एसी रांगेत शिरतानाच बंद करावा, कारण कॉम्प्रेसर ताकद खातो आणि नळीतून टपकणारे पाणी धावपट्टीवर पडते. थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारे ऑटो-होल्ड आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा, दोन्हींची बटणे बंद करायला विसरू नका. नवशिक्यांची पहिली फेरी बऱ्याचदा इथेच वाया जाते: हिरवा दिवा लागतो आणि इंजिन झोपलेले असते.

रेषेवर जमिनीलगत प्रकाशाची दोन किरणे आणि पुढे दिव्यांचा खांब असतो. पहिल्या किरणात पुढचे चाक आले की खांबावरचा सर्वांत वरचा दिवा लागतो, तिथे थांबावे. मग ब्रेक किंचित सैल करून गाडीला स्वतःहून सरकू द्यावे आणि दुसरा दिवा लागताक्षणी थांबावे. ऑटोमॅटिकची ही सरकण्याची सवय इथे वरदान आहे. चाक दुसऱ्या किरणात जेमतेम असेल तर घड्याळ सुरू होण्यापूर्वी गाडीला थोडी धाव मिळते, म्हणून आणखी पुढे सरकू नये. नेहमीच्या पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात आणि मग हिरवा. हिरव्याची वाट पाहिली तर उशीर झालाच. शेवटचा पिवळा दिसताच ब्रेक सोडावा. पाय हलायला आणि गाडी किरणातून बाहेर पडायला वेळ लागतो, तोवर हिरवा येतो. लाल लागला, म्हणजे आपण वेळेआधी सुटलो, तर पुढच्या फेरीत किंचित थांबावे.

गाडीची वेळ चाक हलल्यापासून मोजतात, पण जिंकणे हिरवा दिवा लागल्यापासून ठरते. एकाने ०.६० सेकंदात प्रतिसाद देऊन १५.२० मध्ये अंतर कापले आणि दुसऱ्याने ०.९५ नंतर सुटून १५.०० मध्ये, तर पहिला जिंकतो. कमी ताकदीची ऑटोमॅटिक मोठ्या गाडीला हरवते ती अशी.

सुटल्यावर गिअर ‘डी’ किंवा ‘एस’मध्येच राहू द्यावा. पॅडलने बदलायचे असतील तर आदेश आणि बदल यांत विलंब असतो, तेव्हा लाल रेघेच्या ३०० ते ५०० आरपीएम आधी पॅडल ओढावे. चाके फिरू लागली की ताकद कापणारे ट्रॅक्शन कंट्रोल एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून दोन्ही वेळा ताडून पाहाव्यात. गाडी आडवी होऊ न देणारे स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद करण्याचे नवशिक्याला काही कारण नाही.

शेवटची रेषा ओलांडेपर्यंत पाय उचलू नये आणि ओलांडल्यावर घाई करू नये. पंधरा सेकंदांची गाडी तिथे ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असते. ब्रेक सरळ रेषेत, चढत्या दाबाने लावावा. वेगात ‘एन’ करू नये, इंजिनाचे ब्रेकिंग हातचे जाते. तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक लावून गाडी उभी करू नये. परतीच्या मार्गावर संथ यावे, टर्बो इंजिन एक-दोन मिनिटे आयडलवर चालू द्यावे, मग बॉनेट उघडून किमान पंधरा-वीस मिनिटे थांबावे. लगोलग धावलेली दुसरी फेरी हळू येते, कारण इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) आणि गिअरबॉक्सचे तेल दोन्ही तापलेले असतात. लोणावळ्याच्या बाजूला समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंची आहे. टर्बो नसलेली इंजिने तिथे सहा-सात टक्के ताकद गमावतात, म्हणून मुंबईतल्या आकड्यांशी तुलना करून निराश होऊ नये.

हेल्मेटबाबत एनएचआरएचा नियम १३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाड्यांना सक्ती करतो. माझे मत असे की हळू गाडीतही पूर्ण चेहऱ्याचे, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट असावेत, काचा वर असाव्यात.

फेरीनंतर हातात येणारी वेळेची चिठ्ठी जपून ठेवावी आणि तिच्यावर पेनाने टायरची हवा, सुटतानाचा आरपीएम आणि हवेचे तापमान लिहावे. ६० फुटांची वेळ बिघडली आणि शेवटचा वेग तसाच राहिला, तर दोष सुटण्यात आहे. ६० फूट तेच आणि शेवटचा वेग घटला, तर इंजिन तापले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच हे वाचता येते.

आयोजकांना माझी विनंती आहे की मुख्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी कारखान्यातून आलेल्या स्थितीतल्या गाड्यांसाठी सरावाचा अर्धा दिवस कमी शुल्कात ठेवावा आणि त्यात रेषेवर गाडी लावायला शिकवणारा एक अनुभवी माणूस उभा करावा. अमेरिकेतल्या धावपट्ट्यांवर ‘टेस्ट अँड ट्यून’च्या संध्याकाळी हेच होते. आपल्या वृत्तपत्रानेही अशा दिवसांच्या तारखा आगाऊ छापाव्यात. हजार-दीड हजार रुपयांत कायदेशीर फेरी मिळत असेल तर बायपासवर जाणारी कितीतरी मुले तिकडे वळतील, याची मला खात्री आहे.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड