अभ्यासिकेच्या रजिस्टरमधील पेन्सिलीच्या आकड्यांबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही सांभाळता ती सदाशिव पेठेतील अभ्यासिका सोडून मला तीन आठवडे झाले. निघताना जे सांगायचे होते ते ओठांवर येऊनही बोलता आले नाही, म्हणून आज सर्वांच्या समक्ष लिहीत आहे.

२५ ऑगस्ट २०२४ रोजी होणारी राज्यसेवा पूर्व परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली गेली, तेव्हाची माझी अवस्था तुम्ही पाहिली आहे. त्याच दिवशी बँकेचीही परीक्षा आल्याने मुले शास्त्री रस्त्यावर बसली होती. त्यांची मागणी रास्त होती आणि मीही त्यांच्यात होते. परंतु परीक्षा पुढे गेली आणि माझी सगळी घडीच विस्कटली. सकाळी सातला खुर्चीवर येऊन बसायचे, नऊला चहाला उतरायचे, कट्ट्यावर तारखेची चर्चा करता करता दुपार व्हायची, आणि रात्री रजिस्टरमध्ये सही करताना मात्र वाटायचे की आपण चौदा तास अभ्यास केला.

वडिलांच्या सोयाबीनच्या पैशांतून ज्या क्लासने वर्षभराची फी एकरकमी घेतली होती, तेथील मार्गदर्शकांना मी दोनदा भेटायला गेले. पहिल्या वेळी त्यांनी ‘जिद्द सोडू नका’ एवढे सांगून पुढील बॅचचे माहितीपत्रक हातात ठेवले. दुसऱ्या वेळी भेटच मिळाली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवावा असेही मला वाटत नाही.

तुम्ही मला एका शब्दानेही उपदेश केला नाही. सप्टेंबरमध्ये एके रात्री सही करताना, आगमन ७.०५ आणि निर्गमन ९.४० या माझ्या पेनने लिहिलेल्या वेळांपुढे, समासात बारीक अक्षरांत पेन्सिलीने ‘३.१०’ लिहिलेले दिसले. दुसऱ्या दिवशी ‘२.४५’. तिसऱ्या दिवशी मी विचारले, तेव्हा तुम्ही नजर खाली ठेवूनच म्हणालात, “तुम्ही खुर्चीत बसलात तेवढा वेळ. पेन्सिलीने लिहिलंय, नको असेल तर खोडा.”

मी ते खोडले नाही. त्या रात्री खोलीवर जाऊन मी खूप रडले, कारण घर सोडल्यापासून माझ्या वेळेचा खरा हिशोब प्रथमच कोणीतरी ठेवला होता, आणि तोही मान खाली जाऊ नये म्हणून नावाशिवाय, खुलाशाशिवाय, इतर कोणाला अर्थ लागू नये अशा रीतीने. चाळीस मुलांच्या किल्ल्या, पाण्याचे जार आणि भांडणे सांभाळणाऱ्या माणसाने एवढे लक्ष देण्याचे काही कारण नव्हते. असे सभ्य लोक पेठांमधील अनेक जिन्यांखाली आणि मेसच्या गल्ल्यांवर बसलेले असतात. बाहेरगावाहून आलेल्या आम्हा मुलामुलींची ही वर्षे त्यांच्याच आधारावर निभावतात, पण निकालानंतरच्या सत्कारांत त्यांची खुर्ची कधी मांडली जात नाही.

पुढे तो आकडा पाचावर गेला, मग सातावर. ३० नोव्हेंबरला समासात आकडा नव्हता, ‘आज लवकर जा’ एवढेच लिहिले होते. १ डिसेंबरला झालेली पूर्व परीक्षा मी उत्तीर्ण झाले. मुख्य परीक्षेत राहिले, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पुण्याचा खर्च झेपेना म्हणून आता घरूनच तयारी करीत आहे. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर आणि १७५० गुण, त्यामुळे वाचण्याइतकेच लिहिण्याला बसावे लागते. दोनशे पानी वहीला मी समास आखला आहे आणि रोज रात्री त्यात पेन्सिलीने आकडा लिहिते. परवा पाहुणे आले होते, त्या दिवशी १.५० आहे. तोही तसाच ठेवला आहे. काल ६.४० होता.

संक्रांतीनंतर पुण्यात येईन, तेव्हा वही घेऊन येईन.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीतली विद्यार्थिनी