खरजेचा उपचार एकाचा नव्हे, साऱ्या घराचा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

खरजेविषयी लोक चारचौघांत बोलत नाहीत आणि त्या संकोचापायीच ती पसरते, म्हणून हे पत्र. माझ्या धाकट्या मुलीला अंथरुणात शिरली की खाज सुटू लागली, तेव्हा घामोळे समजून आम्ही घरात पडून असलेले स्टेरॉइडचे मलम तिला तीन आठवडे लावले. त्याने लाली दबली, खरूज मात्र वाढतच गेली. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून तिच्या बोटांच्या बेचकीतली केसाएवढी बारीक, राखाडी, वेडीवाकडी रेघ दाखवली. अर्धा मिलिमीटरही न भरणारी किडीची मादी त्वचेत असा बोगदा खणून त्यात अंडी घालत जाते.

पहिल्यांदाच लागण झालेल्याला खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात आणि तोवर त्याच्याकडून इतरांना लागण होतच असते. त्यामुळे खाजवणाऱ्या एकट्यालाच औषध लावले, तर महिन्याभरात खरूज त्याच घरात पुन्हा डोके वर काढते. डॉक्टरांनी दिलेले 5 टक्के परमेथ्रिनचे मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या, बेंबी आणि नखांखालची जागा न वगळता लावावे, 8 ते 14 तासांनी धुवावे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ह्या बाळांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. अंगापासून सुटलेला किडा सहसा दोन-तीन दिवसांत मरतो, म्हणून कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुणे पुरते, घरभर औषध फवारण्याची गरज नसते. उपचारानंतरही खाज काही आठवडे टिकू शकते. आम्ही त्या धास्तीने रोज मलम चोपडू लागलो होतो, ते चुकीचे होते.

उवांचेही असेच. त्या उडत नाहीत की उड्या मारत नाहीत, डोक्याला डोके लागून जातात आणि स्वच्छ केसांतही होतात. कोंडा बोटाने झटकला की पडतो, लीख मात्र केसाला घट्ट चिकटलेली असते. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी चिकाटीने फिरवावी आणि औषध वापरल्यास, मागे उरलेल्या लिखांतून नव्या उवा निघतात म्हणून, सात ते दहा दिवसांनी ते पुन्हा लावावे.

उवा सापडल्या म्हणून मुलाला वर्गासमोर उठवून घरी धाडणाऱ्या शाळांना माझी विनंती आहे, की त्यांनी त्या मुलाचे नाव न घेता वर्गातल्या सर्व पालकांना त्याच दिवशी आपापल्या मुलांची डोकी तपासायला कळवावे.

आपली विश्वासू,
एक पालक