निळ्या गुलाबाचं बी मागवू नकोस

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो पाहिला. निळाशार गुलाब, आणि खाली ‘शंभर बिया, घरपोच’. कृपा करून मागवू नकोस. एक तर चांगला गुलाब कोणी बियांपासून करत नाही, खुंटावर डोळा भरूनच करतात, म्हणजे चांगल्या झाडाचा अंकुर दुसऱ्या गुलाबाच्या खोडात बसवून. आणि तसा गुलाब अजून कुणाच्याच बागेत उगवलेला नाही. लग्नाच्या स्टेजवर दिसतात ते पांढरे गुलाब, देठातून रंगाचं पाणी पाजलेले.

तुझ्या गच्चीवरचा ‘ब्लू मून’ आठवतो ना? नाव निळं, फूल फिकट जांभळं. गुलाबवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या संकर केले, पण गाडी जांभळ्याच्या पुढे सरकली नाही. बहुतेक निळ्या फुलांत डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते तयार करायला लागणारं जनुक गुलाबाकडे नाहीच. शेवंती आणि कार्नेशनचीही तीच गत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून जपानच्या सनटोरी कंपनीने 1990मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीनशी हातमिळवणी केली. पेटुनियाचं जनुक घालून जांभळी कार्नेशन्स आधी झाली. गुलाबात मात्र ते चालेना, शेवटी पॅन्झीचं चाललं. 2004मध्ये घोषणा झाली आणि 2009मध्ये ‘अप्लॉज’ नावाने गुलाब जपानात विकायला आला, एका फुलाला दोन-तीन हजार येन! फोटो बघ आणि मला सांग, तो निळा आहे का? मी तरी त्याला लव्हेंडरच म्हणेन. पाकळीत डेल्फिनिडिन आलं, पण गुलाबाच्या पाकळीतला रस पडतो आंबट. तू गोकर्णाचा निळा चहा करतेस, त्यात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो ना, तसलाच प्रकार.

पण नुसत्या आंबटपणावर भागत नाही, आणि मला खरी गंमत वाटते ती इथे. युरोपातल्या गव्हाच्या शेतांत कॉर्नफ्लॉवर उगवतं, अगदी निळंभोर. विलस्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने (1915चं नोबेल त्याचं) दाखवून दिलं, की त्यातलं रंगद्रव्य आणि लाल गुलाबातलं रंगद्रव्य एकच, सायनिडिन. डेल्फिनिडिनसुद्धा नाही! मग निळं कसं? त्यावर वाद चालत राहिले आणि 2005मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याची अणुरचना उलगडली. रंगद्रव्याचे सहा रेणू, फ्लॅव्होन नावाच्या बिनरंगी द्रव्याचे सहा, आणि त्यांना धरून ठेवणारे धातू: एक लोह, एक मॅग्नेशियम, दोन कॅल्शियम. एवढी मंडळी जमली तेव्हा कुठे रंग निळा झाला. म्हणून मला वाटतं, गुलाबवाले एकाच जनुकाच्या मागे लागले तिथेच त्यांचा हिशेब कमी पडला.

शेवंतीचं जमलं. जपानचे शास्त्रज्ञ नाओनोबू नोदा यांनी आधी कॅम्पॅन्युला या घंटेसारख्या फुलाचं जनुक घातलं. शेवंती जांभळी झाली. मग दुसरं जनुक घातलं, आणि ते कुठलं माहितेय? आपल्या गोकर्णाचं! कुंपणावर फुकट वाढणाऱ्या त्या वेलीचं. त्या जनुकाने रंगद्रव्याला साखरेचे दोन रेणू जोडले, पाकळीत आधीपासूनच असलेल्या बिनरंगी द्रव्यांशी त्याची गाठ पडली, आणि फूल खरोखर निळं झालं. अजून बऱ्याच पायऱ्या लागतील असं त्यांना वाटत होतं, पण दोन जनुकांत काम झालं. 2017मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा रंगपट्टीशी ताडून दाखवलेलं होतं, उगाच नावापुरतं निळं नव्हे.

बाजारात मात्र इतक्यात येणार नाही. जपानात शेवंतीच्या रानटी बहिणी आहेत, त्यांच्यात पराग जाऊन हे जनुक पसरायला नको, म्हणून आधी झाड वांझ करावं लागतं. ही काळजी मला पटते. तोवर दसऱ्याच्या हारात पिवळी शेवंती आहेच, आणि खरं सांगू का, निळी आली तरी मी ती हारात ओवणार नाही.

काकूंचा गुडघा कसा आहे? भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
उज्ज्वला