सुमे, तेवढा डबा उचलून आण

पौडी (उत्तराखंड), रविवार

सुमे,

चार महिने गप्प होते, शिव्या नंतर घाल, आधी वाच. तब्येत बरी, सर्दी आहे, इथे सगळ्यांनाच असते.

बाबांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट, १.६ आलाय, म्हणजे कमी. हृदयाची झडप बदलल्यापासून तो २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय. आईने काल सहज बोलता बोलता सांगितलं आणि मला रात्रभर झोप नाही, कारण हे मीच केलंय असं वाटतंय. म्हणजे कंडालीने.

कंडाली म्हणजे इथली खाजरी पालेभाजी, तो फोटो गं, सासूबाई चिमट्याने पाला खुडतायत, तू विचारलं होतंस की ही बाई भाजी तोडतेय की साप धरतेय. त्याच्या अंगावर बारीक पोकळ केस असतात, टोक काचेसारखं, लागलं की मोडतं आणि सुईसारखं आतला रस टोचतं. आमच्या ह्यांना लहानपणी शाळेत ह्याचाच मार मिळायचा. (राजगडावर तुला लागली ती खाजकुइली, शेंगेवरची लव, ते झाड वेगळं. आणि मी ढकललं नव्हतं, विसाव्यांदा सांगतेय.) पण एकदा उकळली की सगळा तोरा जातो. फुलोरा यायच्या आत कोवळे शेंडे घ्यायचे, उकडून वाटायचे, तांदळाचं पीठ लावायचं, त्याला इथेही आळणच म्हणतात, आणि वरून जख्याची, म्हणजे इथल्या मोहरीसारख्या बारीक बियांची फोडणी. सोबत मंडुव्याची रोटी, म्हणजे आपली नाचणीच. बाबांना काय आवडेल सांग!

लग्नानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, तुला माहितीये, निरोप तूच पोचवायचीस. दिवाळीला वाळवलेल्या कंडालीची पावडर पाठवली, गुडघ्यांना चांगली असते, लोह असतं, असं चिठ्ठीत लिहून. तर ती घेतली. आणि मग स्वतःहून फोन, "पावडर संपत आली." सुमे, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसरा डबा लगेच पाठवला.

आता कळतंय की पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर, त्याने रक्त गोठायला मदत होते, आणि त्यांची रक्त पातळ ठेवायची गोळी नेमकी त्याच्याच विरुद्ध काम करते. मी लोह लोह करत बसले. डॉक्टर म्हणाले पावडरच कारण असेल असं नक्की नाही, पण पालेभाजी एकदम वाढवायची नाही, एकदम बंदही नाही, रोज साधारण तेवढीच. गोळीचा डोस त्यांनी बदललाय, पुढच्या आठवड्यात परत टेस्ट. पण बाबांनी पावडरचं डॉक्टरांना सांगितलेलंच नाही! ते आईनेच त्यांना सांगितलं. आणि आता बाबा आईला चोरून ती आमटीत टाकतात. "पोरीने पाठवलंय, त्याने काय होतंय."

मी फोनवर बंद करा म्हटलं तर त्यांना काय वाटेल? दोन वर्षांत एकच गोष्ट घेतली माझ्याकडून, आणि तीच परत मागायची. ह्यांना हे समजावून उपयोग नाही, म्हणतात सरळ सांग ना.

तुझं नवं ऑफिस कसंय? चिन्मयचा दात आला का, फोटो टाक.

तू साताऱ्याला शनिवारी जाणारच आहेस ना? जा घरी, चहा पी, कसला वास येतोय मस्त म्हण आणि डबा मागून घे. तुला ते नाही म्हणणार नाहीत. पण आधी डॉक्टरांना फोन कर, पावडर अजून चालू आहे हे सांग आणि कशी थांबवायची ते विचारून जा. नंबर आईकडे आहे. मी पत्र पोस्टात टाकत नाहीये, फोटो काढून पाठवतेय, वाचलंस की लगेच कळव.

तुझी,
मंजू