बाबा, ऑपरेशन माझ्यासाठी अडवून ठेवू नका

इन्व्हरकारगिल, न्यूझीलंड,
१८ जानेवारी २०२६

प्रिय आई-बाबा,

फेब्रुवारीत माझं येणं होत नाहीये. रविवारी फोनवर हेच सांगायचं होतं, पण बाबा, तुम्ही मध्येच "आंबोळ्यांचं पीठ दळून आणलंय" म्हणालात आणि मला पुढे बोलवेना. वर्षाची सगळी रजा मी काकापो नावाच्या इथल्या पोपटांच्या कामासाठी दिली. नाव दिलंय, होकारही आलाय. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "जा" म्हणाला असतात आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं असतंत.

हे पक्षी दरवर्षी अंडी घालत नाहीत गं आई. रिमूच्या झाडांना भरघोस फळ धरतं तेव्हाच, दोन ते चार वर्षांतून एकदा. मागचा हंगाम २०२२चा होता. यंदा रिमू लगडलेत. मी गेले नाही तर दुसरं कुणी जाईल, हे मला कळतं. पण १९९५ साली ते सगळे मिळून ५१ उरले होते आणि आजही अडीचशे भरत नाहीत. इतकी वर्षं इथे राहून, बोलावणं आल्यावर नाही म्हणणं मला जमलं नाही.

तू विचारलं होतंस, "पोपटच ना, मग एवढं काय?" पोपटच, पण उडता न येणारा. दिवसा झोपतो, रात्री रान तुडवत फिरतो. माओरीत काका म्हणजे पोपट आणि पो म्हणजे रात्र. शेवाळी हिरवा रंग, नर चांगला दोन ते चार किलोंचा. अंगाला गोडसर, जुनाट वास येतो म्हणतात. मला उगाच आजीची लाकडी पेटी आठवते. नर जमिनीत खळगा करून त्यात बसतो आणि रात्रभर घुमतो, काही किलोमीटरवर ऐकू जाईल असं. पण अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं सगळं मादी एकटी करते. अंधार पडला की पिल्लांना घरट्यात ठेवून खाणं शोधायला तिला जावंच लागतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला तुझी रात्रपाळी आठवली. तीन टकटकी झाल्याशिवाय कडी काढायची नाही. आम्ही कधीच काढली नाही, आई.

बाबा, आता तुमच्याशी. रागावू नका. संकट आलं की काकापो पळत नाही, जागच्या जागी थिजतो. पूर्वी त्याचे शत्रू म्हणजे वरून नजरेने हेरणारे शिकारी पक्षी, तेव्हा न हलणंच त्याला वाचवायचं. मग माणसांबरोबर उंदीर, मांजरं आणि मुंगसासारखे लांबुडके स्टोट आले. ते वासावर येतात. त्यांच्यापुढे गप्प बसून भागत नाही. तुम्ही २०१८ला छातीत दुखत असताना रात्रभर तसेच बसून राहिलात, आईला उठवलंसुद्धा नाहीत. डोळ्यांचंही तेच चाललंय. मोतीबिंदू बसून राहिल्याने जात नाही.

१९७५ साली इथल्या फिओर्डलँड भागातल्या डोंगरात एक नर सापडला. त्याचं नाव रिचर्ड हेन्री ठेवलं. पुढे न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरच्या काकापोंपैकी तो एकटाच उरला, बाकीचे सगळे दक्षिणेकडच्या स्टुअर्ट बेटावरचे. १९९८ साली, तोही म्हातारा झालेला असताना, त्याला तीन पिल्लं झाली. आज त्या तिघांचं रक्त सगळ्या जातीला मोलाचं आहे. २०१०मध्ये तो गेला तेव्हा साधारण ऐंशीचा असावा असा अंदाज आहे. तुम्ही तर अजून चौऱ्याहत्तरचे. इतक्यात "आता काय राहिलंय माझं" म्हणायचं नाही.

माझी काळजी नको. स्टुअर्ट बेटाच्या पश्चिमेला फेनुआ होउ नावाचं बेट आहे, तिथे जायचंय. वस्तीला लाकडी घर आहे, गॅस आहे, कोरडं अंथरूण आहे. जाण्याआधी बुटांचे तळ, खिशांच्या शिवणीसुद्धा तपासतात, बेटावर एक बी किंवा उंदीर जाऊ नये म्हणून. तू विणलेला तपकिरी स्वेटर नेतेय. त्याचे धागे काल तासभर निरखत बसले होते. दिवसा पाठीवरून खाणं न्यायचं, रात्री घरट्यावर लक्ष ठेवायचं. फोन रोज लागेलच असं नाही, तेव्हा घाबरून दादाला उठवू नका.

आता नीट ऐका. उन्हं वाढायच्या आत तारीख घ्या. दादा आणि वहिनी चार दिवस येतायत, बोलणं झालंय. आदल्या दिवशी साखर तपासून घ्यायची. नंतर डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही, वाकून विहिरीत बघायचं नाही. थेंबांच्या वेळा आईने कॅलेंडरवर लिहायच्या, बाबांच्या भरवशावर सोडायच्या नाहीत. आणि आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, लपवू नकोस.

दिवाळीला नक्की येते. पीठ तोवर टिकणार नाही, तुम्ही दोघं खाऊन टाका. बाबा, पट्टी काढली की परसातल्या फणसावर पहिलं काय दिसलं ते मला तुमच्या हाताने लिहून पाठवा.

तुमची,
छकुली