वळिवड्याची वाटणी

कोल्हापूर, रविवार

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू पोलंडहून फोनवर तणतणत होतीस. वर्गातली पोलिश मैत्रीण म्हणाली, ‘युक्रेनचे दहाएक लाख लोक आम्ही ठेवून घेतलेत, आता आणखी आमच्या गळ्यात नकोत,’ आणि तू तिला सुनावलंस की दुसऱ्या महायुद्धात आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यानं तुमच्या पोलिश निर्वासितांना आसरा दिला होता. रेंज गेली, माझं बोलणं राहिलं.

सुनवायला नको होतंस. वळिवड्याच्या कॅम्पात कोल्हापूरकरांचं मन मोठं होतंच. तुझी पणजी तिथं दूध घालायची, ‘पोलंडच्या बायका मापावरनं कटकट करत न्हाईत,’ म्हणायची. पण 1943 ते 48 ते पाचेक हजार लोक राहिले ते रीतसर. सायबेरियाकडून इराणमार्गे आलेली, बहुतेक बायका-पोरं. जागा कोल्हापूर संस्थानची, देखरेख ब्रिटिशांची, सुरुवातीचा खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. पुढं कोणी इंग्लंडला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला. काही मायदेशी परतले. एकट्याच्या डोक्यावर सगळं ओझं आलं नाही. रिकाम्या बराकींत मग फाळणीतले सिंधी आले. आत्याच्या लग्नाचा बस्ता बांधला ते गांधीनगर म्हणजे तीच जागा.

याउलट 1971. बांगलादेशातून कोटभर माणसं आली आणि मुख्य भार आपणच उचलला. प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला लागायचं, ते मी स्वतः चिकटवलंय.

म्हणून त्या मुलीची चिडचिड मला कळते. युरोपात आश्रय मागणारा माणूस जिथं पहिल्यांदा पोचला, साधारण त्याच देशानं त्याचा अर्ज बघायचा, असा नियम; मग सगळं इटली-ग्रीसच्या अंगावर. युरोपीय संघाच्या 2024 च्या नव्या करारात बाकीच्या देशांनी माणसं घ्या, नाहीतर माणशी 20,000 युरो द्या, नाहीतर मनुष्यबळ-सामान पुरवा, अशी सोय आहे. आपल्याकडं म्हाताऱ्या आईबापाची वाटणी होते तसंच की हे! एकानं घरी ठेवायचं, दुसऱ्यानं पैसे धाडायचे. (पैसे धाडणाऱ्यालाच वाटतं आपण लई केलं, ते सोड.)

पण मार्च 2025 मध्ये पोलंडनं बेलारूसच्या सीमेवर आश्रयाचे अर्ज घेणंच थांबवलं, ते मला पटत नाही. बेलारूस मुद्दाम माणसं ढकलतं, खरं आहे. नोकरी-शिक्षणाला कोणाला येऊ द्यायचं हा ज्याच्या त्याच्या देशाचा हक्क. तुझ्या रेसिडन्स कार्डाला महिने लागले तरी मी चकार शब्द काढला नाही. पण जीव घेऊन पळालेल्याचं आधी ऐकावं, कागद तपासावेत, खोटा निघाला तर खुशाल परत पाठवावं. जिवाला धोका आहे तिथं माघारी लोटू नये, हे 1951 च्या निर्वासित कराराचं 33 वं कलम. त्यावर पोलंडची सही आहे, आपल्या देशाची नाही. तेव्हा आपणही फार तोऱ्यात बोलायला नको.

वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, 2024 मध्ये पंतप्रधान गेले होते तेच. मैत्रिणीला घेऊन एकदा जाऊन ये. वाद घालू नकोस, गांधीनगरच्या कापडपेठेचं सांग.

आईनं चटणी कांडून ठेवलीय, येणारं कोणी मिळालं की धाडतो.

तुझा,
बाबा